उपकारस्तुतीचा शनिवार

फोन आला तेव्हा नवल शाळेच्या व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाशेजारी उभा होता, आणि आत हॉलमध्ये पोरं त्याच्या बायकोसाठी देवाचे आभार मानत होती.

"पप्पा," मोनाली म्हणाली आणि थांबली. नवलला वाटलं रेंज गेली. तो नळाकडे सरकला.

"बोल ना. डिस्चार्जचा कागद झाला का? सभा आटोपली की निघतोच मी."

"पप्पा, मम्मी गेली."

सकाळी तिने चहा घेतला होता, लेकीकडून वेणी घालून घेतली होती. बाथरूमला जाऊन आली आणि एकदम दम लागला. डॉक्टर धावत आले, पण काही करता आलं नाही. नवलने सगळं ऐकून घेतलं.

"तू एकटीच आहेस?"

"हो."

"तिच्याजवळ बसून राहा. येतो मी."

आत पाळक पुनाभाऊंचा आवाज चढला होता. "हे प्रभू, आमच्या प्रमिलाबाईंना तू दुखण्यातून उठवलंस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो." पोरांनी आमेन म्हटलं. वसतिगृहातल्या पोरांचं आमेन एरवीही मोठंच असतं. त्यात आज शिरा होता.

पिंपळनेरच्या बाहेर ही मिशनची शाळा. डोंगरातल्या पाड्यांवरची पोरं तिथे राहून शिकतात. नवल शाळेची गाडी चालवायचा आणि प्रमिला वसतिगृह सांभाळायची. तिच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन धुळ्याला झालं, चांगलं झालं. ख्रिस्ती मंडळींत कुणी दुखण्यातून उठलं की उपकारस्तुती ठेवतात. गाणी होतात, प्रार्थना होते, घरचा माणूस उठून साक्ष देतो, म्हणजे देवाने काय केलं ते सांगतो. शेवटी पाळक हात वर करून आशीर्वाद देतात आणि मग जेवण. आशीर्वाद झाल्याशिवाय सभा संपत नाही.

एरवी हे माणूस घरी आल्यावर करतात. पण प्रमिलाने दवाखान्यातूनच हुकूम सोडला होता, "मी यायच्या आत उरकून टाका. नाहीतर मला मधोमध खुर्चीवर बसवतील, हार घालतील. पोटाला टाके आहेत माझ्या, मला हसवू नका."

"असं आधी चालतं का?" नवलने विचारलं होतं.

"डॉक्टरने सांगितलं ना बरी आहे म्हणून? मग देवाला कशाला ताटकळत ठेवायचं? आणि पोरांना शिरा करा. झुंबरबाईला सांगा, तुम्ही हात लावू नका. तुमच्या हातचं खाण्यापेक्षा इथलं सलाईन बरं."

मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाईंना नवल दारात दिसला. "अरे नवलभाऊ, बाहेर काय उभे? या, साक्ष द्या. दोनच शब्द बोला." पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सरकून मध्ये वाट करून दिली. वाट झाली म्हणून तो पुढे गेला. पहिलीतली भूमिका समोरच बसली होती. ती ओरडली, "भाऊ, बाईंना लवकर आणा ना! माझ्या डोक्यात उवा झाल्या!"

सगळा हॉल हसला. पाळकही हसले.

हसणं थांबेपर्यंत नवल उभा राहिला. "मी तिला आणायला चाललोय," तो म्हणाला. पुन्हा टाळ्या झाल्या. "तुम्ही जेवून घ्या," तो म्हणाला.

जेवून घ्या म्हटल्यावर पोरं उठलीच. पाळकांचा आशीर्वादाचा हात अर्धा वर गेला होता. पोरं दाराकडे पळालेली बघून त्यांनी तो हसत खाली घेतला.

गाडीत मोठ्या मुलींनी मागची सीट पाडून गादी अंथरून ठेवली होती. उशीला धुतलेला अभ्रा होता. ज्योत्स्नाबाई डबा घेऊन मागोमाग आल्या.

"हा बाईंसाठी शिरा. वाटेत..." त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं हो?"

त्याने सांगितलं. बाई लगेच मागे वळल्या. "थांबा, मी आत जाऊन थांबवते सगळं."

"नको. जेवल्यावर सांगा. जेवताना पोरांनी रडलेलं तिला चालायचं नाही."

स्वयंपाकघराकडून पोरांचा एकसुरी आवाज आला, "देवाचे आभार, आणि झुंबरबाईचे आभार." ही प्रमिलाने लावलेली सवय. जिने रांधलं तिचं नाव घेतल्याशिवाय ती पोरांना घासाला हात लावू द्यायची नाही. झुंबरबाई गावातली, देवीची भक्त. सुरुवातीला आपलं नाव देवाशेजारी घेतलेलं ऐकून ती चिडायची, "माले कसाले देवना जोडे बसाडतस, बाई?" पुढे पुढे एखाद्या दिवशी पोरं विसरली, तर तीच पळी आपटायची.

नवलने गाडी चालू केली.

धुळ्याहून येताना मोनाली मागे आईजवळ बसली होती. कुसुंब्याच्या गतिरोधकांवर नवलने गाडी अगदी हळू घेतली. साक्री मागे पडल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण टाके दुखतील म्हणून हळू घेतोय. पुढच्या गतिरोधकावरही त्याने ती तशीच घेतली.

शाळेच्या फाटकाशी पोरं उभी होती. त्यांना सांगून झालं होतं. कुणी गाडीकडे धावलं नाही. भूमिका एका मोठ्या मुलीच्या मागे लपली.

रविवारी माती दिली. संध्याकाळी झुंबरबाई भाकरी आणि पिठलं घेऊन नवलच्या खोलीवर आली. पाळक तिथेच बसले होते. तिने ताट ठेवलं, पण ती गेली नाही.

"एक इचारू का भाऊ?"

"इचार ना, अक्का."

"आमनामा पह्यले काम व्हस, मंग नवस फेडतस. तुम्ही तं पह्यलेच फेडी बसनात."

"झुंबरबाई," पाळक म्हणाले, "तो नवस नव्हता."

"हा अक्का," नवल म्हणाला, "उलटंच व्हयनं."

"मंग आते देवकडे तुमनी बाकी ऱ्हायनी," असं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला आणि ती गेली.

महिना गेला. नवल पुन्हा गाडीवर जाऊ लागला. एका शनिवारी पाळक गाडीपाशी आले. दोघं याच वसतिगृहात एका पंगतीला जेवून वाढलेले, म्हणून एकटे असले की पाळक त्याला अरेतुरे करायचे.

"नवल, ती सभा उघडी राहिली आहे रे. आशीर्वाद झालेला नाही. माझ्या मनाला लागून राहिलंय."

"मग?"

"पोरांना बसवू. दोन मिनिटांचं काम. आभार मानू आणि बंद करू."

"कशाचे आभार?"

"तिच्या आयुष्याचे."

"ते मी रोज मानतो, पुनाभाऊ. पण ती सभा त्यासाठी नव्हती. ती बरी झाली म्हणून होती."

पाळकांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "मग काय करू? चूक झाली, आभार परत घेतो, असं म्हणू देवाला?"

"तसं नको. पोरं मनापासून म्हणाली होती. तिनेच म्हणायला सांगितलं होतं."

"मग आशीर्वाद तरी देऊ दे."

"तुम्ही द्याल. पण त्यावर आमेन मला म्हणावं लागेल." नवलने फडक्याने काच पुसली. "ते तोंडातून निघत नाही अजून. निघालं की सांगतो."

"आणि नाही निघालं तर?"

नवलने फडकं झटकलं. "पोरांची वेळ झाली, पुनाभाऊ. दार सोडा."

वसतिगृहाला आता नवीन बाई आल्या आहेत. त्यांनी भूमिकाच्या डोक्यातल्या उवा काढल्या. दर शनिवारी हॉलमध्ये सभा होते, पोरं गातात, पाळक हात वर करतात, पोरं आमेन म्हणून जेवायला पळतात. नवल मागच्या भिंतीला टेकून उभा असतो आणि ओठ मिटून घेतो.

पाळकांनी पुन्हा विचारलेलं नाही. नवलनेही सांगितलेलं नाही. प्रमिलाच्या उपकारस्तुतीचा आशीर्वाद अजून व्हायचा आहे.