भिंतीवरची घोरपड

सिमेंटवरून नखं घसरत जाण्याचा बारीक, कोरडा आवाज माझ्या कानांत भावोजींच्या नावाने साठला आहे. वास्तविक त्यांचा स्वतःचा आवाज मऊ. माझ्या बहिणीचा हा नवरा कुणावर ओरडल्याचं मला स्मरत नाही. फेब्रुवारीतलं दुबईचं ऊन पाठीवर मायेने हात ठेवतं आणि जुलैत तेच काय करणार आहे याची शंकाही येऊ देत नाही, तसा त्यांचा स्वभाव: ताटात आग्रहाने वाढणारा, विमानतळावर स्वतः घ्यायला येणारा, आणि हरणाऱ्याकडे पाहताना क्षणात विझून जाणारा.

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या त्यांच्या घरी बाल्कनीलगतच्या खोलीत काचेच्या दोन मोठ्या पेट्या होत्या, आणि त्यांत दुकानातून आणलेल्या, मूळच्या आफ्रिकेतल्या दोन घोरपडी. थोरली पहिलवान, भावोजींची. धाकटी बिस्किट, माझ्या भाचीची, इराची. दिव्याच्या पिवळ्या उबेखाली त्या तासन्‌तास निश्चल पडून असत; वाळवंटाचा तुकडा कापून त्याला डोळे बसवावेत, तशा. इरा बिस्किटच्या गळ्याखालच्या सैल कातडीवर बोट फिरवी, तेव्हा त्या घोरपडीचे डोळे अर्धे मिटत. भावोजी पहिलवानाला मानेमागे धरून उचलत आणि हवेत फाकलेल्या त्या नखांकडे असं पाहत, जसं नवी सुरी घेताना तिच्या धारेकडे पाहावं.

त्या पाहण्याचं मूळ साताऱ्यात, लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत होतं. घोरपडीच्या कमरेला दोर बांधला, आणि मावळे कडा चढून गेले. गोष्टीतली घोरपड आणि जमिनीत बीळ खोदून राहणारी ही परदेशी घोरपड एकच, असं ते धरून चालले होते. हिवाळ्यातल्या शनिवारी आम्ही तीन-चार मराठी कुटुंबं हमरिया बंदराकडे, भावोजींच्या गोदामामागच्या आवारात जमत असू. मी चटया, बर्फाची पेटी, पुलावाचे डबे मोजून गाडीत ठेवी. दोर तेवढा भावोजी स्वतः घेत. खडबडीत भिंतीला घोरपड चिकटवायची, कमरेच्या दोराला पाण्याच्या बाटल्या एकेक करून लटकवायच्या आणि जास्त ओझं कोण पेलते ते पाहायचं. आधी मुलांना गोष्ट सांगणं हा नेम.

"बट काका, व्हाय नॉट अ लॅडर?" शेजाऱ्यांचा मुलगा दर वेळी विचारी.

"लपूनछपून जाताना शिडी नेतात का रे, शहाण्या?"

जानेवारीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, बिस्किट जिंकली. शेपटी थरथरत होती, एका नखाच्या मुळाशी रक्ताचा थेंब उगवला होता, तरी तिने भिंत सोडली नाही. भावोजींचा चेहरा दिवाळीतल्या अंगणासारखा उजळला.

"बाबा, प्लीज. शी इज ब्लीडिंग."

"पहिलवानांना लागायचंच, बाळा. पुढच्या वेळी दुप्पट बाटल्या."

इराने जे केलं ते तिने मला नंतर सांगितलं. शाळेतून आल्यावर ती रोज आईची नखं घासायची कानस घेऊन बसे आणि बिस्किटचा एकेक पंजा हातात धरून नखं झिजवी. महिने गेले, आणि नखं गोल, गुळगुळीत झाली. बिस्किट हरली की बाबा तिला या खेळातून सोडतील, एवढंच तिच्या मनात होतं.

पुढचं जमणं लांबत लांबत मे महिन्यावर गेलं, त्या हंगामातलं शेवटचं. त्या दिवशी हवा तापल्या तव्यावरून येत होती. पहिली बाटली लागण्याआधीच बिस्किट भिंतीवरून खाली आली.

"खलास. हिला नुसता दोरच जड झाला," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. पुन्हा चिकटवली, पुन्हा ती घसरली, पुन्हा हसू. भावोजी हसले नाहीत. त्यांनी दोर सोडला, नीट गुंडाळला.

परतताना त्यांनी वाळूच्या टेकड्यांपाशी गाडी थांबवली. बिस्किटला दोन्ही हातांनी, एखादं भांडं ठेवावं तसं, जपून खाली ठेवलं.

"वाळवंटातच शोभेल ती. खोदेल आणि राहील."

"अहो, उन्हाळा आहे," बहीण म्हणाली.

"शी कान्ट डिग, बाबा. आय फाइल्ड हर नेल्स. शी डिडंट लूज. इट वॉज मी."

ते वाकले. बिस्किटचा पुढचा पंजा उचलून त्यांनी आपला अंगठा नखांवरून फिरवला. पश्चिमेचं तांबूस ऊन त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं. मला वाटलं, आता ते तिला उचलतील.

"मग आता काय उपयोग तिचा," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. "यल्ला, चल, गाडीत बस."

इरा बसली नाही; तिला उचलून बसवावं लागलं. मागच्या काचेतून दिसत होतं ते एवढंच: बिस्किट त्या गोल नखांनी वाळू मागे सारत होती, आणि सारलेली वाळू भुरभुरत परत तिच्याच पुढ्यात येत होती.

जे आपल्या डोळ्यांसमोर मरतं त्याला मरणाचा एक दिवस मिळतो. तो मागे पडत जातो आणि दुःखही हळूहळू म्हातारं होतं. इरा आता कॉलेजात जाते, भावोजींचे केस पांढरे झाले. काळ आम्हा सगळ्यांवरून गेला. बिस्किटच्या त्या न झालेल्या खड्ड्यापाशी मात्र तो थांबूनच राहिला आहे, आणि तिथे अजून काहीही संपलेलं नाही.