दोघांत आधी कोण?

मी तुलना बोलतेय. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमधली नऊ ओळींची मेथड, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा. ऑपरेशनची यादी लावायचं काम सॉर्टबाईंचं, त्याही माझ्यासारख्याच प्रोग्रॅममधल्या. त्या दोन पेशंट माझ्यापुढे उभे करतात आणि विचारतात, "आधी कोण?" मी निकड बघून सांगते. अख्खी रांग मी जन्मात पाहिलेली नाही, मला एका वेळी दोघंच दिसतात.

मला लिहिलं एका प्रोग्रॅमर मुलीनं, जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत. सारख्याच निकडीचे दोघं आले तर? "ज्याचं नाव आधी घेतलं जाईल तो पुढे," तिनं ठरवून टाकलं. आता सॉर्टबाईंची खोड अशी, की नव्यानं आलेल्याचं नाव त्या आधी घेतात. मला मेलीला काय ठाऊक? मी आपली नव्यांना खुशाल पुढे सोडत राहिले.

त्यात भरडले गेले शिंपीकाका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दर सोमवारी यायचे. काउंटरवरच्या ताई यादी बघून म्हणायच्या, "काका, अजून नंबर नाही लागला."

"असू दे. लेक कामावर जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवते. दहाव्या सुईचा दोरा संपला, की बसतो हातावर हात ठेवून."

अकराव्या सोमवारी ताईंचा धीर सुटला. त्यांनी प्रोग्रॅमरला बोलावून घेतलं. "यांच्यामागून आलेले ऑपरेशन करून घरीसुद्धा गेले, हे कसं काय?"

ती मला वाचायला बसली. पाचव्या ओळीवर थांबली आणि तिचा चेहराच उतरला. उठून काकांच्या बाकापाशी गेली. "काका, चूक माझी आहे. कॉम्प्युटरची नाही."

काका म्हणाले, "उसवता येतंय ना? मग उसव."

तिनं ती ओळ खोडली आणि लिहिलं, दोघं सारखे असतील तर उत्तर शून्य. म्हणजे मी निवड करायची नाही, जो आधी आला तो आधीच राहील. मग नोंदणीच्या तारखांवरून यादी पुन्हा लावली. सारख्या निकडीच्या लोकांत काका पहिले निघाले. इतके दिवस मी त्यांना मागे ढकलत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

परवा काका ऑपरेशननंतर डोळे तपासायला आले होते. ताईंना म्हणाले, "आज अकरावी सुई मी ओवली."

पुढच्या महिन्यात नवी सिस्टिम येतेय, मला पुसून टाकतील. त्याचं काही नाही. पण माझ्या जागी जिला लिहाल, तिला शून्य म्हणायला आधी शिकवा. बाहेर बाकावर कोणीतरी दहाव्या सुईवर आलेलं असतं.