जड टोक

हातातल्या लोकरीच्या टोपीची त्यानं दोनदा घडी घातली, पुन्हा उलगडली, मग गुंडाळी केली – तेवढीच फट होती, कपाटाचा पाय आणि पुस्तकांचं खोकं यांच्या मध्ये, जेमतेम मुठीएवढी – आणि टोपी आत सारून तळहातानं कपाटाला एक धक्का दिला. हललं नाही. अजून एक. कपाट, त्याच्या डोक्यावरच्या दोन खुर्च्या, त्यांच्या पायांत पाय अडकवून उलटी झोपलेली तिसरी, तिच्या पोटात उशा, आणि वर थेट कंटेनरच्या छताला टेकलेलं शिवणकामाचं खोकं, अशी ती सगळी भिंत एकाच अंगाची असल्यासारखी गप्प उभी राहिली. ओरेस्ट हनात्यूकनं मागे सरून तिच्याकडे पाहिलं. एकाहत्तराव्या वर्षी माणसानं आपली पाठ आपणच थोपटू नये, पण बघायला कोणी नव्हतं, आणि भिंत होतीच तशी.

सोळा फुटी कंटेनर चार दिवसांपासून त्याच्या दारात, गॅरेजसमोरच्या सिमेंटवर बसून होता. कंपनीची गाडी तो रिकामा ठेवून गेली होती. आज दुपारी एक वाजता ती येऊन भरलेला उचलणार होती आणि डॉफिनहून विनिपेगला, लेकीच्या, लारिसाच्या दारात, नेऊन ठेवणार होती. स्टेफा त्याला नुसता डबा म्हणायची. "ओरेस्ट, तुझा डबा झाकून झाला असेल तर जेवायला ये," असं ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, आणि एकेचाळीस वर्षांच्या संसारातलं पहिलंच स्थलांतर असूनही तिच्या आवाजात ना कंप ना काही. कंप तिला परवडतच नसे.

एकेचाळीस वर्षं एकाच घरात. आणि त्यातली चौतीस वर्षं दुसऱ्यांची घरं उचलण्यात – हे आठवलं की त्याला हसू यायचं. मिनेडोसा, ब्रँडन, रेजायना, एकदा तर पार हॅलिफॅक्सपर्यंत. किती घरं रिकामी केली याचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता, पण वाटेत फुटलेल्या वस्तू मात्र पाठ होत्या, कारण त्या फक्त तीन होत्या. शिकवलं म्हाताऱ्या विल्फनं. विल्फ गाडीच्या दारात सिगरेट धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, वस्तू बघू नकोस पोरा, आकार बघ. पाळणा दिसला तर तो पाळणा नाही, चार काठ्यांचं पोकळ खोकं आहे, त्याच्या पोटात काय मावेल ते बोल. रडणारी बाई दारात उभी असेल तर तिच्याकडे बघूच नकोस, ती गाडीत भरायची नाही… आणि जड ते पुढे, अगदी ड्रायव्हरच्या पाठीशी. हलकं दाराशी. भिंतीमागून भिंत. हातांना हे इतकं ठाऊक होतं की डोकं मोकळंच राहायचं.

या खेपेला मात्र आकार सहजासहजी आकार राहत नव्हते, हेही खरं. परवा बरण्यांची खोकी भरताना – स्टेफानं घातलेली बडीशेपेच्या पाल्यातली काकडी, बीट, आलुबुखार, साठ बरण्या – त्याला एकदम ते वर्ष आठवलं, गारपिटीत सगळी बाग झोपली तेव्हा स्टेफा शेजारणीकडून काकड्या आणून रात्रभर बरण्या भरत बसली होती, कुणाला कळू नये म्हणून… नाही. साठ बरण्या म्हणजे पाच खोकी, दीड फूट बाय एक फूट, जड, म्हणजे आत, बंद टोकाला, तळाशी. त्यानं ती तशीच लावली. शेजारी डीप फ्रीजर, कपडे धुण्याचं यंत्र, अवजारांचं लोखंडी कपाट. पहिल्या पाच फुटांत घरातलं सगळं लोखंड आणि काच. त्या भिंतीत पोस्टकार्ड शिरलं नसतं.

"तातो, दोन माणसं पाठवते मी," लारिसा महिन्याभरापूर्वी फोनवर म्हणाली होती. ती अजूनही त्याला लहानपणच्यासारखं तातो म्हणायची, पण आवाज मात्र हल्ली दवाखान्यात नाव विचारणाऱ्या बाईसारखा काढायची. "तुम्ही दोघं नुसते बसा. तुम्ही फक्त या."

"तुझ्या बापानं अर्ध्या मॅनिटोबाची घरं भरलीयत."

"म्हणूनच म्हणते, आता पुरे. आणि एका कंटेनरमध्ये मावणार नाही ते. मी दोन सांगू का?"

एक, तो म्हणाला होता. एकच. आणि माणसं नकोत. हे रागानं नव्हतं. लारिसानं तळमजल्यावरच्या दोन खोल्या रंगवून ठेवल्या होत्या, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या होत्या, सूपसुद्धा कमी मिठाचं करायला शिकली होती. चांगली पोर. पण त्या दारात आपण कसे उतरणार, हा प्रश्न होता. आणलेला म्हातारा म्हणून, की आपलं घर आपण बांधून घेऊन आलेला माणूस म्हणून? पहिल्या दिवशी जे ठरेल तेच शेवटपर्यंत राहतं, हे त्यानं शेकडो दारांत पाहिलं होतं. मी येतोय. मला कोणी आणत नाहीये. एवढं एक वाक्य त्याला त्या दारात, न बोलता, बोलायचं होतं, आणि ते बोलण्यासाठी त्याच्याकडे हा सोळा फुटी डबा होता.

एक वाजायला पाच मिनिटं असताना गाडी आली. चालवणारी बाई पस्तिशीची, दणकट, केसांची वेणी टोपीतून मागे काढलेली; रेनी म्हणून तिनं हात पुढे केला. कुलूप लावण्याआधी आत एक नजर टाकते म्हणाली, आणि दार उघडल्यावर तिथंच थांबली.

"काका, हे कोणी भरलं?"

"का?"

"सहा वर्षं उचलतेय मी हे डबे. लोक आत फेकतात आणि दार लावतात. हे म्हणजे…" तिनं भिंतीवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. "बोट जात नाही हो कुठं. एकट्यानं?"

"एकट्यानं," ओरेस्ट म्हणाला. खिडकीत स्टेफा उभी होती, तिला ऐकू जावं म्हणून त्यानं जरा मोठ्यानंच म्हटलं. त्या क्षणी त्याला लारिसा तिथं हवी होती, विल्फ हवा होता, मिनेडोसापासून हॅलिफॅक्सपर्यंतच्या सगळ्या रडणाऱ्या बायका ओळीनं उभ्या हव्या होत्या. छाती इतकी भरून आली की शर्टाचं वरचं बटण त्याला उगाच टोचायला लागलं.

रेनीनं गाडीवरून चार पायांची लोखंडी चौकट सोडली, ती कंटेनरभोवती उभी राहिली, साखळ्या चार कोपऱ्यांना लागल्या. तिनं हातातलं बटण दाबलं. दाराकडची बाजू फुलासारखी वर उचलली गेली. बंद टोक जागचं हललंही नाही. चौकट करकरली, पिवळा दिवा लागला, आणि डबा, त्याचा डबा, शेपटीवर बसलेल्या कुत्र्यासारखा तिरपा होऊन थांबला. रेनीनं तो हळूच खाली टेकवला. कुठंच काही खडखडलं नाही. आतली एक बशीही हलली नसणार, हे ओरेस्टच्या कानांनी त्याही स्थितीत टिपलं.

"तुम्ही ट्रक भरायचात ना?" रेनीनं विचारलं, अगदी हळू.

त्याला सगळं कळलं. ती पुढे काही बोलायच्या आधीच कळलं. जड ते पुढे – ट्रकात, जिथं पुढे इंजिन आहे, चाकं आहेत, जिथं खोकं गाडीचंच अंग आहे. हा डबा चार कोपऱ्यांनी उचलला जातो. याला पुढे नाही, मागे नाही, दोन टोकं सारखी हवीत. लारिसानं कंपनीच्या सूचनांचे कागद छापून पाठवले होते, पहिल्याच ओळीत हे असणार… ते कागद त्यानं बरण्यांना गुंडाळले होते. चौतीस वर्षं भरणाऱ्याला कागद कोण शिकवणार! एखाद्या मास्तरानं, कारकुनानं भरला असता तर तो असाच कसातरी, सगळीकडे सारखा भरला गेला असता आणि निमूट उचलला गेला असता. ही चूक करायला माणूस हाडाचा भरणारा असावा लागतो.

"उद्या बाराला मी परत येऊ शकते," रेनी म्हणाली. "निम्मं जड दाराशी आणावं लागेल. डेपोतून दोन माणसं मागवू का?" मग खिडकीकडे नजर टाकून आणखी हळू: "आत काकूंना मी सांगते, चौकटीत बिघाड झाला म्हणून. रोज काहीतरी बिघडतंच हो. कोणाला कळायचं नाही."

भली बाई. तोंडावर आलेलं 'चालेल' त्यानं गिळलं. कारण त्याला एकदम विल्फ दिसला, रेजायनातला, फुटलेला आरसा हातात धरून मालकिणीसमोर उभा राहिलेला – माझ्या हातून गेला बाई, म्हणणारा – आणि तेव्हा एकतीस-बत्तीस वर्षांच्या ओरेस्टला वाटलं होतं, हा म्हातारा आरसा फुटूनसुद्धा असा ताठ कसा?… स्टेफा हात पुसत पायरीवर आली होती.

"काय झालं?"

"चुकलं माझं," तो म्हणाला. "उलटं भरलं. सगळं जड एका टोकाला."

स्टेफानं डब्याकडे पाहिलं, मग रेनीकडे, मग त्याच्याकडे.

"बाई," ती रेनीला म्हणाली, "तारीख लिहून ठेव कुठंतरी. एकेचाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतेय." आणि मग त्याला, "पेरोगी करून ठेवलेयत. खाऊन घे आधी. तूही ये गं."

दुपारभर तो उकलत राहिला. दाराकडून आत, एकेक भिंत. बंद टोकापर्यंत पोहोचायचं तर सगळंच काढायला हवं होतं. खुर्च्या, उशा, कपाट, गाद्या – ढकलगाडीवरून सप्टेंबरच्या उन्हात गवतावर. लोखंडापर्यंत पोहोचला तेव्हा चार वाजले होते. पाठ बोलत होती, पण हात चुकत नव्हते. पट्टा कुठं घ्यायचा, गुडघा कुठं लावायचा, फ्रीजर कोणत्या कोपऱ्यावर फिरवायचा, हे सगळं जागच्या जागी होतं, आणि चुकलेलं काम सोडवतानासुद्धा आपण ते चोख सोडवतोय याची त्याला चोरटी मजा वाटत होती. समोरचा व्हर्न कुंपणाशी येऊन म्हणाला, "काय रे, बेत बदलला? राहताय की काय?" ओरेस्टनं त्यालाही खरं तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जरा सोपं गेलं.

आणि मग तो दमून सोफ्यावर बसला. उघड्यावर, गवतात, शेजारी स्टेफा. दुसऱ्यांची घरं त्यानं अशी हजारदा अंगणात पसरलेली पाहिली होती, आकारांचा ढीग म्हणून. आता नजर ढिली पडली होती आणि आकार एकेक करून हातातून निसटत होते… ते कपाट नव्हतं, लारिसाला गोवर आला तेव्हा ज्याच्या आत बसून ती रडली होती ते होतं. त्या बरण्या गारपिटीच्या वर्षानंतरच्या, सगळ्या आपल्याच बागेतल्या. तो बाक, एक पाय आखूड, त्यानंच केलेला. कितीदा मोडीत काढायचा म्हटलं आणि काढला नाही. एवढं सगळं? या एवढ्याशा घरात हे एवढं सगळं होतं? रिकामं घर मागे ठेवून निघताना त्याची छाती आयुष्यभर फुगत आली होती, की बघा, काडी राहिली नाही. हे असं पसरलेलं, उन्हात उघडं पडलेलं, वेड्यावाकड्या पायांचं बघून ती आजवर कधी फुगली नव्हती.

फोन वाजला. लारिसा.

"गेला का डबा, तातो?"

स्टेफा त्याच्याकडे न बघता गवताची काडी सोलत राहिली.

"नाही," तो म्हणाला. "मी चुकीचा भरला. सगळा काढलाय. सकाळी पुन्हा भरणार."

पलीकडून आता तोच तो मऊ आवाज सुरू होणार, हे त्याला ऐकू येत होतं – पाठवते मी माणसं, तुम्ही बसा –

"माणसं नकोत," तो म्हणाला. "तू ये. पहाटे निघालीस तर नऊपर्यंत पोहोचशील. दुसरं टोक धरायला मला कोणीतरी हवंय. कसं धरायचं ते मी सांगेन, तू फक्त मी सांगेन तसं धर. आणि हातमोजे आण, चामड्याचे, ते बागेतले फुलाफुलांचे नकोत."

"मी?" लारिसा म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, ते फोनवर कळेना. "मला येईल ते?"

"माझी पोर आहेस. येईल."

एका डब्यात पुन्हा मावेल का, हे त्याला माहीत नव्हतं. दोन्ही टोकं सारखी करायची तर भिंती वेगळ्या लागतील, आणि वेगळ्या भिंती तो कधी बांधायला शिकला नव्हता. लेकीच्या दारात कसा उतरेन, तेही आता ठरलेलं नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं, व्हर्न अजून कुंपणाशी होता, आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी हनात्यूकांचं अख्खं घर बघायला जरा हळू होत होती. आता लाज वाटेल, म्हणून तो वाट बघत बसला – ती कशी येते, कुठून येते, ते त्याला ओळखीचं होतं – सोफ्याच्या पाठीवर हात पसरून, हनुवटी वर, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे मान हलवत. बराच वेळ बसला. ती आली नाही.