लोसालिने आत्याचं अंथरूण

सिउलोलोच्या लग्नाचं कापड पुरं झालं तेव्हा मला केससुद्धा विंचरता येईनात, इतका खांदा भरून आला होता. वर्षभर आम्ही वाडीतल्या बायका झाडांच्या साली सोलत होतो, भिजवत होतो, ओंडक्यावर ठेवून मोगरीने कुटत होतो. मग पट्ट्या खळीने जोडायच्या, तपकिरी रंगाने नक्षी काढायची. माझी एकुलती एक पोर त्यावरून चालत चर्चमध्ये जाणार, एवढ्या आशेवर मी रेटत होते.

कापड वाळलं आणि लोसालिने आत्याचा निरोप आला. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या वावाऊ बेटावर आत्याचा शब्द बापाच्याही वरचा. तापाने ती अंथरुणाला खिळली होती.

"एलेनोआ, मी काही आता उठत नाही," ती म्हणाली. "ते नवं कापड मला दे. त्यातच गुंडाळून पुरा."

"आत्या, पोरीच्या लग्नाचं आहे हो ते."

"लग्न काय, कापडाशिवायही लागतं. मला काय केळीच्या पानात घालणार?"

मी कापड पोचवलं. सिउलोलो रडली, मग माझ्यावरच चिडली. "तुला कधी कोणाला नाही म्हणताच येत नाही, आई!"

खरं होतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

आणि आत्या मेलीच नाही. ताप उतरला, मासळीचं कालवण मागून मागून प्यायली, आणि माझ्या कापडावर लोळत सुनांना हुकूम सोडू लागली. दिलेलं परत मागायची आमच्यात रीत नाही.

लग्नाच्या सकाळी जावेकडून आणलेली विटकी पट्टी आम्ही चर्चच्या दारात अंथरली. आत्या मुलांच्या आधाराने आली, मानाच्या जागी बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं एलेनोआ, पोरीच्या पायाखाली हे फडकं?"

पहाटेपासून मी डुकरं भाजायच्या खड्ड्यापाशी उभी होते. पाय सुजले होते. तोंडून निघून गेलं, "चांगलं होतं ते तुमच्या पाठीखाली आहे, आत्या."

बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. आत्या मुलांवर ओरडली, "अरे, तोंडं काय बघता? आणा ते घरून! आणि झटकून आणा, तेल सांडलंय त्यावर."

कापड दारापासून थेट फाटकापर्यंत पुरलं. सिउलोलो त्यावरून सावकाश चालत गेली. वाटलं होतं, मला रडू येईल. मी खांबाला टेकून उभी होते आणि डोळे मिटत होते.

पंगती उठल्यावर आत्याने बोलावलं. आता ऐकवणार, म्हणून मी मान खाली घालून गेले.

"जेवलीस का?"

"नाही."

"मग आधी जेव. नंतर ते कापड गुंडाळ. घरी पोचवायचंय."

"परत?"

"मग? पोरीचं लग्न झालं. मला अजून मरायचंय."

गुंडाळीचं एक टोक सिउलोलोने धरलं, दुसरं मी. नव्या नवरीला हे शोभत नाही, असं कोणी तरी म्हणालं. ती हसली. वाटेत ओझं खाली ठेवलं तशी मी त्याच्यावरच बसले. तिने मला उठ म्हटलं नाही.