ओ निगेटिव्ह

थेंब बुडला नाही. रक्तपेढीतल्या मयुरीने शांतवनच्या बोटातलं रक्त निळ्या पाण्यात सोडलं, थेंब जरासा खाली गेला आणि पुन्हा वर येऊन तरंगत राहिला.

"काका, हिमोग्लोबिन कमी दिसतंय. आज नाही घेता येणार."

"एकडाव अजून पाहा ना बाई. सकाळीच निंघालो सिंदीवरून, धड खाल्लं नाई, म्हणून असंन."

मयुरीने दुसरं बोट टोचून मशीनवर बघितलं. अकरा पॉइंट एक. निदान साडेबारा तरी लागतं.

"अर्धी पिशवी घ्या मंग."

"असं नसतं हो काका. आधी तुमचंच रक्त कमी का झालं ते बघावं लागेल." तिने एक चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली. "आणि पेढीत ओ निगेटिव्हची एकही पिशवी नाही. नागपूरला फोन केलाय, पण कधी येईल ते सांगता येत नाही. वॉर्डातल्या त्या मुलीचं हिमोग्लोबिन चारवर आलंय."

शांतवन उबाळे सिंदी रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. वय सत्तावन्न. त्याच जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या रुपेशच्या मुलीला, रोशनीला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. तिचं आणि शांतवनचं रक्त एकच निघालं, तेव्हापासून गेली चार वर्षं तिला लागेल तेव्हा तो वर्ध्याला येऊन रक्त देत होता. येशूने आपल्यासाठी सगळं रक्त सांडलं, आपल्याला एक पिशवी जड व्हावी का, इतकं सरळ त्याच्या मनात होतं. खाटेवर पडून मूठ उघडझाप करताना आपण बरे आहोत असं त्याला वाटे. ते वाटणं त्याला आवडेही. पण ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेर रुपेश आणि त्याची आई पंचफुला उभे होते. शांतवनच्या हातावर पट्टी नाही हे रुपेशने आधी पाहिलं.

"काय झालं जी?"

"नाई घेतलं. कमी हाये म्हणते माझं."

रुपेश जिन्याकडे धावला. वर वॉर्डात रोशनी अंगाच्या ठणक्याने कण्हत होती. पंचफुला मात्र तिथेच राहिली. भिंतीला हात टेकून ती त्याच्याकडे बघत होती.

"एक गोठ पुसू का भाऊ? लय दिवसाची मनात हाये. तुमी काऊन देता? आमी तुमच्या धर्मात येऊ म्हणून का?"

"नाई हो बाई."

"मंग?"

या प्रश्नाचं छान उत्तर शांतवनकडे तयार होतं. आज ते तोंडातून निघेना.

"मले द्याले सांगतलं हाये," तो कसाबसा म्हणाला.

"कोनं?"

त्याने मान वर केली. ती समजली.

"मंग आता त्यालेच पुसा, आज पोट्टीले कोनाचं द्याचं ते."

ती जिना चढून गेली. उत्तर शांतवनला न पुसताच ठाऊक होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी दोघा भावांचं रक्त तपासलं होतं. धाकट्या प्रफुलचंही ओ निगेटिव्ह.

सहा वर्षांत त्यांचं बोलणं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब भावाशी समेट करण्यावर बोलू लागले, की शांतवन खिडकीबाहेर बघायचा.

प्रफुलचं वेल्डिंगचं दुकान सेवाग्राम रोडला होतं. शांतवन ऑटोतून उतरला तेव्हा तो गेटच्या सळाखी जोडत होता. भावाला बघून त्याने डोळ्यांवरची काच वर केली.

"कोन वारलं?"

"कोनी नाई. एका पोट्टीले रक्त पाह्यजे. तुझं अन् माझं एकच हाये."

"तुमी तं देता ना. ऐकतो मी."

"आज माझं नाई घेतलं."

"म्हंजे भाऊ नाई, पिशवी पाह्यजे तुमाले."

तिकडे रोशनीचं हिमोग्लोबिन चारवरून तीनवर आलं असेल, असं शांतवनला वाटत होतं.

"बायको अन् तान्ही पोरगी घेऊन आलतो मी," प्रफुल म्हणाला. "महिनाभर एक खोली मांगतली होती."

"तू पेऊन होता."

"मी होतो. त्या दोघी पेल्या होत्या का? तुमी दाराले कुलूप लावलं अन् उपासनेले गेले."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. शांतवन दुकानात दोन पावलं आत आला.

"चुकलो मी. पोट्टी आजारी नसती तं आलोबी नसतो, हेबी खरं हाये. पन चुकलो."

प्रफुलने मशीन बंद केलं.

"थांबा. हात धुतो."

ऑटोत दोघं दोन कडांना बसले. दवाखान्याच्या फाटकाशी प्रफुल म्हणाला, "दोन वर्षं झाले, दारू शिवली नाई. पुसतीन ते मले, म्हणून सांगतो."

या वेळी थेंब सरळ तळाशी गेला.

रक्त तपासून वर जायला दुपारचे तीन वाजले. रुपेशने प्रफुलचे दोन्ही हात धरून ठेवले. पंचफुलाने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. शांतवन दोन पावलं मागे उभा होता. कधीकाळी तो हात त्याच्या तोंडावरून फिरला होता. त्याला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

"घरी येजो," प्रफुल निघाला तेव्हा शांतवन म्हणाला.

"पाहू," प्रफुल म्हणाला. मागे न बघता तो गेला.

शांतवन स्वतःच्या तपासणीसाठी बाकावर बसला. पुढे सोळा माणसं होती. कुठे जात असेल रक्त? पोटात काही असेल का? मयुरीने दिलेली चिठ्ठी हातात होती.

पंचफुला शेजारी येऊन बसली. तिने डबा उघडला. आत पोळ्या आणि वांग्याची भाजी. त्यांच्या घरचा चहासुद्धा त्याने कधी घेतला नव्हता; दिल्याची परतफेड होऊ नये म्हणून.

"झोपली पोट्टी," ती म्हणाली. "घ्या. तुमचंबी कमी हाये म्हनते ना."

शांतवनने चिठ्ठी खिशात ठेवली आणि हात पुढे केला. पंचफुलाने तो खालून धरला, पोळीवर भाजी घातली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.