डांगराची सोयरीक

आधीच कबूल करतो. बुधवारी सकाळी सात वाजता हातात स्टीलचा डबा घेऊन पडेगावच्या गल्लीतून पळणारा म्हातारा मीच होतो. लोक म्हणले, तात्यासाहेबाला येड लागलं. लागलंच होतं, त्यात काय खोटं नाय.

पिशोरला चाळीस वर्षं मी अद्रक अन् मका काढला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तसं आमचा इंद्रजीत आम्हा नवराबायकोला इथं शहरात, पडेगावला, घेऊन आला. शेत बटईनं दिलं. घर चांगलं, सून दीपमाला तर लाखात एक. पण दिवसभर करायचं काय? टीव्ही बघून बघून डोळे सुजले. मग एक दिवस गच्चीवर गेलो. तिथं रंगाचे रिकामे डबे पडले होते, त्यात माती भरली अन् मेथी टाकली. झालं! बघता बघता पंचवीस डबे अन् चार निळे ड्रम झाले. पालक, मिरच्या, टमाटे, वांगी, सगळं घरच्या ताटापुरतं. खत म्हणजे भाज्यांची सालं अन् मागच्या गोठ्यातलं शेण. औषधाचा एक थेंब नाय. शेतात फवारे मारून मारून मी तीन पंप झिजवले, आता नातवंडांच्या ताटात तरी ते नको. नळाला पाणी येतं आठव्या दिवशी, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मी मोरीत सांडू देत नाय. आमची आवडाबाई म्हणती, "ह्यांच्या धाकानं मला तोंड धुवायची चोरी झाली."

असं सगळं सुखात चाललं होतं, अन् इंद्रजीतला गच्चीवर पत्र्याची खोली बांधायची हुक्की आली.

"तुमच्या दोघांसाठीच, तात्या," तो म्हणाला. "हॉलमध्ये झोपता तुम्ही, मला बरं वाटत नाही."

"आम्हाला चालतंय की!"

"तात्या, दोन जुड्या मेथीसाठी सगळी गच्ची अडवायची का?"

दोन जुड्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ताटावरून उठलोच. "ह्याच गच्चीवर तुला डांगर काढून दाखवतो! चांगलं पायलीएवढं लाल डांगर!"

इंद्रजीत हसला. तो हसला की त्याच्या आईसारखा दिसतो, त्यामुळं रागावता बी येत नाय. म्हणाला, "ठरलं. रविवारी कडुबा पत्रेवाला माप घ्यायला येणार आहे. तोवर एक डांगर धरलेलं दाखवा, पत्रे रद्द. नाही दाखवलं, तर डबे खाली."

मी हातावर हात मारला. आवडाबाई शेजारीच लसूण सोलत बसली होती. अन् बोलून बसल्यावर मला आठवलं की ड्रममधल्या डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलाला आतापर्यंत पाच बारकी डांगरं लागली होती, अन् पाचीच्या पाची पिवळी पडून गळाली होती.

मंगळवारी सकाळी दीपमाला वेल बघायला वर आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही सासू-सासरे दोघंही समोर होतो, तिनं आम्हाला वर्गातल्यासारखं उभं करून समजावलं. "मामा, हे बघा. ह्या फुलाच्या बुडाशी गोटीएवढं डांगर आहे ना, ही मादी. अन् ही नुसती लांब देठावरची, हे नर. नराची पिवळी भुकटी मधमाशी मादीला नेऊन लावते, तेव्हा डांगर धरतं. आपल्या गच्चीवर मधमाशी फिरकतच नाही, मग गळणारच. उद्या सकाळी ही मादी उमलेल. नराच्याही सात कळ्या उमलतील. नऊच्या आत आपणच हातानं भुकटी लावायची. नंतर फूल मिटतं."

मला घाम फुटला. चाळीस वर्षं शेती केली अन् हे ठाव नव्हतं. पण मी अद्रकवाला माणूस. अद्रकाला लग्न लावावं लागत नाय.

संध्याकाळी टीव्हीवर कबड्डी लागली होती. आवडाबाईनं गरम भजी आणून ठेवली. बेसनाच्या आत काय आहे हे कबड्डी बघताना कोण बघतं? मी चटणी लावून लावून सगळी संपवली अन् वरून म्हणलं, "आज भजी लई भारी झाली बघ!"

बुधवारी सहाला गच्चीवर गेलो. मादी फूल उमललेलं, पिवळंधमक, नजर लागावी असं. अन् नर? एक नाय! सात देठं नुसती उभी, मुंडकी गायब. मी जिन्यातून असा ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"ती व्हय?" आवडाबाई भाबडा चेहरा करून वर आली. "अवो, ती तर वांझ फुलं. पिशोरला आपण नेहमी भजी करायचो की त्यांची."

म्हणजे मी नवरदेव खाल्ले होते. सात. चटणी लावून.

दीपमाला हसता हसता पायरीवर खाली बसली. तिला बोलता येईना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "मामा, जहांआरा आपांच्या अंगणात डांगराचा वेल आहे ना? पळा!"

मोहियोद्दीनभाई म्हणजे माझा सकाळी फिरायचा जोडीदार, अन् जहांआरा आपा त्यांची बायको. दोन गल्ल्या पलीकडं घर. मी पोळ्यांचा डबा रिकामा केला अन् पळालो. गुडघ्याचा डॉक्टर रस्त्यात भेटला असता तर तिथंच चक्कर येऊन पडला असता.

आपा मगानं झाडांना पाणी घालत होत्या. "आपा, एक नर फूल द्या, लगेच! आमच्याकडं मादी उमललीय अन् नर सगळे मी खाल्लेत!"

आपांनी मग खाली ठेवला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. जसजसं सांगत गेलो, तसतसे त्यांचे डोळे चमकायला लागले. ह्या बाईनं आपल्या नात्यागोत्यातली अकरा लग्नं जमवलीत, बारावं चालून दारात आलं होतं.

"मतलब रिश्ता घेऊन आलात," त्या ओढणी सावरून म्हणाल्या. "मग असं दारात उभं राहून होतं का, तात्यासाहेब? बसा. आम्ही मुलाकडचे आहोत."

"आपा, साडेसात वाजले!"

"अहो सुनते हो? लडकीवाले आले!"

मोहियोद्दीनभाई पेपर घेऊन बाहेर आले. बायकोनं कानात दोन शब्द सांगितले, तसं त्यांनी पेपराची घडी केली, खुर्चीत ताठ बसले अन् घसा साफ केला. "लडकी कुठं राहते?"

"निळ्या ड्रममध्ये."

"घरात पाणी कितव्या दिवशी येतं?"

"आठव्या."

"अरेरे! आमच्याकडं सातव्या. आमचा मुलगा सुखात वाढलाय, तात्यासाब."

"मी त्याला तांदळाच्या पाण्यात ठेवीन, बासमतीच्या! पण द्या हो आता!" मला हसू आवरंना अन् रडू बी यायला लागलं होतं. घड्याळ पुढं चाललं होतं अन् हे दोघं माझी उलटतपासणी घेत होते.

शेवटी आपा वेलाजवळ गेल्या. एक फूल उचलून बघितलं. "हा नको, आळशी आहे, अजून नीट उघडला नाही." दुसऱ्याच्या आत फुंकर मारली. "ह्याला मुंग्या लागल्यात." तिसरं मात्र त्यांनी नखानं अलगद खुडलं. "हा घ्या. बघा, कसा नूर आहे चेहऱ्यावर." अन् अजून एक बारकं खुडून डब्यात ठेवलं.

"आपा, नवरी एकच हाय!"

"हा शहबाला. दुल्ह्यासोबत छोटा करवला नको का? अन् ऐका, डांगर झालं की पहिली फाक आमची. मुलाकडचा मान."

मी हो म्हणलं. त्या वेळी त्यांनी अर्धं शेत मागितलं असतं तरी हो म्हणलं असतं. मोहियोद्दीनभाईंनी स्कूटर काढली, मी मागं डबा छातीशी धरून बसलो, अन् भाईंनी घरापर्यंत हॉर्नवरचा अंगठा काढला नाय. आपा मागून चालत निघाल्याच होत्या. त्यांना लग्न चुकवायचं नव्हतं.

आठ वाजून दहा मिनिटं. दीपमालानं नराच्या पाकळ्या अलगद सोलल्या अन् मधली पिवळी कांडी माझ्या हातात दिली. "हळू, मामा. नुसतं टेकवा, फिरवा." आयुष्यात बैल धरले, ट्रॅक्टर धरला, पण इतकं नाजूक काही धरलं नव्हतं. टेकवलं. फिरवलं. भुकटी लागली. शहबाल्याची बी लावली, कसर नको. इंद्रजीत तोंडात ब्रश घेऊन वर आला अन् फेसातून म्हणाला, "काय चाललंय?" दीपमालानं मूठभर तांदूळ उधळले. मी ओरडलो, "अगं तांदूळ नको, मुंग्या येतील!" अन् आम्ही सगळे येड्यासारखे हसत सुटलो. आवडाबाई तेवढी जिन्याच्या दारात हाताची घडी घालून उभी होती.

पुढचे चार दिवस माझा जीव टांगणीला. दर तासाला वर. गुरुवारी फूल सुकलं. शुक्रवारी काहीच कळंना. शनिवारी गोटीचं लिंबू झालं अन् त्यानं मान खाली घातली. अन् रविवारी? रविवारी मुठीएवढं, हिरवंगार, तुकतुकीत! कडुबा टेप घेऊन गच्चीवर आला तेव्हा मी इंद्रजीतचं मनगट धरून त्याला ड्रमपाशी ओढत नेलं.

"बघ! हे गळणारं डांगर नाय! धरलंय!"

त्यानं वाकून बघितलं, बोट लावून बघितलं, अन् हात जोडले. "हरलो, तात्या. कडुबा, जा बाबा. पत्रे रद्द."

मी नाचलो. ऑपरेशनच्या गुडघ्यावर नाचलो. गच्ची माझी! दीपमाला टाळ्या वाजवत होती. आवडाबाई पायरीवर बसून होती अन् हसत नव्हती.

"काय झालं गं?"

"काय नाय."

तिच्या 'काय नाय'चा अर्थ चाळीस वर्षांत एवढा तरी मला कळायला लागलाय. "बोल की."

"मला पाहिजे होती ती."

"काय?"

"खोली." ती पदराचं टोक पिळत होती. "कुणी आलं की गादी गुंडाळायची. पोरांचा टीव्ही संपस्तोर भिंतीला टेकून बसायचं. लुगडं बदलायला मोरीत जायचं. मला एक दार पाहिजे होतं. आतून कडी लावता येईल असं."

"मग बोलली का नाय?"

"इचारलं कुणी? इंद्रानं तुम्हाला इचारलं. तुम्ही त्याला डांगर सांगितलं."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. "म्हणजे ती भजी..."

"वांझ फुलं सगळीच तोडली की डांगर धरत नाय, एवढं मला ठाव नाय व्हय? पिशोरच्या उकिरड्यावरची डांगरं काय तुम्ही धरवली होती?"

दीपमालानं तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच. मग इंद्रजीत हसला. मी बी हसलो, अन् हसता हसता मला लई लाज वाटली. पंचवीस डब्यांची मी रोज विचारपूस करत होतो, कुणाला किती ऊन, कुणाला किती पाणी. घरातल्या माणसाची एकदा बी केली नव्हती.

"ए कडुबा!" मी जिन्यात वाकून ओरडलो. "वर ये! टेप काढ!"

टेपचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं मी. "तात्या, दहा बाय दहा धरू?" तो म्हणाला.

"मला काय इचारतो? तिला इचार."

आवडाबाई उठली. तिनं गच्ची एकदा इकडून बघितली, एकदा तिकडून बघितली, अन् मग सगळ्यांच्या देखत, पत्रेवाल्याच्या देखत, पदर नीट करून ऐन मध्यात पाय पसरून आडवी झाली. हात दोन्हीकडं लांब केले, आभाळाकडं बघितलं.

"एवढी," ती म्हणाली.

"अन् दार कुठं करू?" मी विचारलं.

ती पडल्या पडल्या बोट दाखवून म्हणाली, "तिकडं. डांगराच्या अंगाला."

कडुबा वहीत लिहायला लागला, अन् मी तिच्या पायाशी येणारे मेथीचे डबे सरकवायला घेतले.