पावण्यांसाठीचं पाणी

मी पाण्याचा जार बोलतोय. वीस लिटरचा, निळा, सगळीकडे दिसतो तसलाच. लग्नाच्या मांडवात, पतसंस्थेच्या कोपऱ्यात, हॉटेलाच्या गल्ल्याशेजारी तुम्ही मला पाहिलं असेल. माझं कधी कुणी ऐकलं नसेल, आणि मलाही बोलायची हौस नाही. पण सध्या ज्या घरात आहे तिथं जे घडलं ते मला पोटात ठेवता येत नाही.

जन्म म्हणाल तर कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात फुगवलं, थंड केलं, झालो मी. तिथून ट्रकनं निघालो तो कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात येऊन पडलो. नेमगोंडा आण्णांचा तिथं पाणी शुद्ध करायचा प्लँट आहे. पूर्वी त्या जागेवर ते वांगी करायचे. आण्णा माणूस सरळ. मला आतून घासायचे, बूच लावायचे आणि टेम्पोत चढवताना बायकोला म्हणायचे, "हे बोलू नये माणसानं, पर नदी नासली म्हणून आपली चूल पेटतीया." ते ऐकूनही मी मिरवत होतो. मी शुद्ध होतो ना. लोकांचं पाणी बिघडल्याशिवाय आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

धोंडुबाईंच्या घरी मी आलो तो त्यांच्या व्याह्यांमुळं. त्याआधी या घराला जार ठाऊक नव्हता. परसात आड होता, धोंडुबाईंच्या सासऱ्यांनी खोदलेला. त्याचं पाणी एवढं गोड की आळीतल्या बायका डाळ शिजवायला मुद्दाम तिथलं न्यायच्या. मग धोंडुबाईंच्या मुलानं, विजयसिंहनं, घरात संडास बांधला. चांगलंच केलं. पण त्याचा खड्डा काढला आडाला लागून. लांब न्यायचा तर गोठ्याची फरशी फोडावी लागणार, पाईप जास्त लागणार, म्हणून तिथंच उरकलं. वाचलेल्या पैशांत पुढच्या सोप्याला चकचकीत टाइल्स बसवल्या. आलेली माणसं सोपा बघतात, परसात कोण जातंय?

विजयसिंहची बायको संयोगिता आजऱ्याची. तिला दिवस गेल्याचं कळलं तसे तिचे वडील कृष्णात लेकीला भेटायला आले. लेकीनं गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यांनी तांब्या तोंडाशी नेला, वास आला असावा, आणि तसाच खाली ठेवला. तहान नाही म्हणाले. एवढ्या उन्हातून आलेला माणूस. दारात आलेल्या व्याह्यानं आपल्या घरचं पाणी नाकारलं हे धोंडुबाईंच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी आण्णांचा टेम्पो थांबवून त्यांनी मला उतरवून घेतलं.

माझा थाट काय सांगू. सोप्यात, त्याच टाइल्सवर, मला स्टँडवर पालथा बसवलं. अंगावर धोंडुबाईंनी स्वतः विणलेलं लोकरीचं कव्हर. कुणी आलं की स्टीलचा पेला माझ्या नळाखाली. "जारचं हाय, घ्या बिनघोर," असं त्या अभिमानानं सांगायच्या. रिकामा झालो की आण्णा भरून मला पुन्हा इथंच आणून ठेवायचे. एरवी मला हात लावायचा नाही. घरातली माणसं आडाचंच पाणी पीत होती, तेही न उकळता. सगळ्यांचं पाणी उकळत बसलं तर सिलेंडर किती दिवस पुरणार, असा हिशेब. आणि आपल्या पोटाला सवय आहे, हा वर भरवसा.

तुम्ही हसू नका. तुमच्या कपाटातही पाहुण्यांच्या कपबशा वेगळ्या असतील. घरच्या माणसानं काय, कशातही भागवावं.

एका दुपारी संयोगिता माझ्यापाशी आली. सहावा महिना संपत आला होता, आडाच्या पाण्यानं मळमळतंय म्हणत होती. तिनं पेला नळाखाली धरला. आतून धोंडुबाई म्हणाल्या, "त्यो पावण्यांचा हाय गं. सांजच्याला कोण आलं तर काय देऊ?" आवाजात राग नव्हता. नेहमीचं सांगणं होतं, म्हणूनच ते कुणाला टोचलं नाही. संयोगितानं पेला जागेवर ठेवला आणि परसात गेली. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो. त्या दिवसाची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

पुढं तिला ताप आला. मग डोळे पिवळे झाले. धोंडुबाईंनी कुठूनसं काविळीचं झाडपाल्याचं औषध आणलं, त्यात आठवडा गेला. सुनेवर त्यांचा जीव होता, नव्हता असं मी म्हणणार नाही. शेवटी ती ग्लानीत बोलेनाशी झाली तेव्हा विजयसिंहनं तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. बाळ पोटातच गेलं.

दवाखान्यासाठी दुभती म्हैस विकली. बाळाचं सांगायला विजयसिंह घरी आला आणि सोप्यात उभ्या उभ्याच आईला म्हणाला, "पाण्यानं झालं म्हणं. नुसतं उकळून दिलं असतं तरी भागलं असतं." मग तो टाइल्सकडं बघत राहिला. सिलेंडर वाचला होता, पाईप वाचला होता.

त्या दिवसांत विचारपूस करायला माणसांची रीघ लागली. जो येईल त्याला धोंडुबाई माझंच पाणी देत होत्या. सवयीचा हात, दुसरं काय. शेजारच्या चिमणाबाईंनी अर्धा पेला पिऊन विचारलं, "ह्यातलं सुनंला देत हुतीस न्हवं?" धोंडुबाईंनी माझं कव्हर सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

संयोगिता परत आली तेव्हा धोंडुबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला सोप्यात बसवलं आणि सगळ्यांच्या आधी माझ्यातला पेला भरून तिच्यापुढं धरला. संयोगितानं पेल्याकडं पाहिलं. "आत्या, मी पावणी हाय व्हय?" एवढंच सासूला म्हणाली, आणि वडिलांनी तांब्या ठेवला होता तसा तो पेला खाली ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहनं गोठ्याची फरशी फोडायला घेतली. खड्डा तिकडं लांब हलला, जुना उपसून बुजवला, आडातला गाळ काढला. धोंडुबाई रोज पहाटे मोठं पातेलं गॅसवर चढवतात. ते पाणी निवतं, गाळलं जातं, माठात जातं. माझं कव्हर त्यांनी काढलं. ते मला बरंच वाटलं.

काल कृष्णात आले. धोंडुबाईंनी माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मान खाली. "पावणं, आडाचं हाय. उकळल्यालं. घरात आमी पितो त्येच." कृष्णातांनी तांब्या हातात घेतला आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी तांब्या रिकामा केला.

मी आता रिकामा, कोपऱ्यात आडवा आहे. बाहेर आण्णांचा टेम्पो वाजतोय. आण्णा, मला न्या. जिथं खरंच इलाज नाही तिथं भरून द्या, मी कामाला नाही म्हणणार नाही. पण या घरी मला परत आणू नका.

आणि तुम्ही, तुमच्या सोप्यात मी भरलेला दिसलो तर माझ्या स्वच्छ पाण्याचं कौतुक करू नका. आधी आत जाऊन बघा, घरातली सून काय पितेय.